रेडिएटरचा पंखा: पट्ट्यावरून विजेवर

मोटारीच्या रेडिएटरचा पंखा दोन प्रकारे फिरवला जातो: इंजिनाच्या पट्ट्याने किंवा विजेच्या मोटरने. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने, थेट रेडिएटरमागे बसवलेले असे. त्यामुळे पाण्याच्या पंपाच्या पुलीवरच पंखा बोल्टने जोडता येई, आणि पंप, पंखा व डायनामो तिन्ही एकाच पट्ट्यावर फिरत. १९८३ साली आलेल्या मारुती ८००मध्ये इंजिन आडवे बसले, पंपाच्या पुलीचे तोंड बाजूला वळले आणि पंखा विजेवर गेला. पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची मुदत मुंबईत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली, तरी हौसेने सांभाळलेल्या जुन्या गाड्या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. आजच्या खोळंबलेल्या वाहतुकीत त्या तापतात आणि मालक विजेचा पंखा बसवायचे ठरवतो. हा बदल उपयोगी आहे. मात्र पंख्याचे काम इंजिन शक्य तितके थंड करणे नसून त्याला ठरलेल्या तापमानावर राखणे हे आहे, एवढे ध्यानात घेऊन तो करावा लागतो.

पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे पडतात. एक चाकांच्या कामी येतो, एक सायलेन्सरवाटे बाहेर जातो आणि एक इंजिनाच्या भिंतींतून पाण्यात उतरतो. चढावर २० किलोवॅट शक्ती देणारे इंजिन जवळपास तितकीच उष्णता पाण्याला देते. २ किलोवॅटचे दहा गीझर एकदम चालू असावेत, इतकी. ती रेडिएटरमधून हवेत जाते. गाडी ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे धावत असली, की समोरून येणारा वारा सहसा पुरतो. पंख्याची गरज पडते ती गाडी सिग्नलला उभी असताना, रांगेत सरकताना आणि घाट चढताना.

पट्ट्याच्या पंख्याचा वेग इंजिनाला बांधलेला असतो, आणि हाच त्याचा दोष. उभ्या गाडीत हवेची गरज सर्वाधिक, पण तेव्हा तो सर्वांत मंद फिरतो. हमरस्त्यावर त्याची गरज नसते, तेव्हा तो जोरात फिरून शक्ती खातो. पंख्याने ओढलेली हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते; त्यासाठी लागणारी शक्ती मात्र फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात. समजा, मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पंखा १५ वॅट घेतो. ४,००० फेऱ्यांवर वेग पाचपट झाला, तर हवा पाचपट मिळते आणि शक्ती १२५ पट, म्हणजे सुमारे १,९०० वॅट लागते. लहान इंजिनाला हा भुर्दंड मोठा आहे.

इंधन वाचते ते येथे, आणि याबद्दल गैरसमज फार आहेत. वीज फुकट मिळत नाही. तीही इंजिनच तयार करते. अल्टरनेटर आणि पंख्याची मोटर या दोन्ही ठिकाणची घट धरली, तर इंजिनाने दिलेल्या शक्तीपैकी निम्मीसुद्धा पात्यांपर्यंत पोचत नाही. विजेच्या पंख्याचा फायदा तो विजेवर चालतो यात नाही. तो बंद राहू शकतो, यात आहे. पंखा सतत चालू ठेवला, तर ही बचत बरीच घटते.

बदल करण्यापूर्वी गाडी कधी तापते, हे पाहिले पाहिजे. फक्त वाहतुकीच्या कोंडीत तापत असेल, तर हवा कमी पडते आहे आणि विजेचा पंखा हा योग्य उपाय आहे. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने धावतानाही काटा चढत असेल, तर दोष दुसरीकडे आहे: गाळाने आणि क्षाराने बुजलेल्या रेडिएटरच्या नळ्या, झिजलेला पंप, मागे पडलेला इग्निशनचा टायमिंग, गळके झाकण किंवा जळालेले हेड गॅस्केट. झाकणाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ते पाण्यावर दाब ठेवते आणि सुमारे १ बार दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. झाकणाचा रबर कडक झाला, की तो दाब टिकत नाही आणि चांगल्या गाडीतले पाणीही उकळते.

घाटाचे गणित वेगळे आहे. कसारा किंवा खंबाटकीत दुसऱ्या गिअरवर इंजिन ३,००० फेऱ्यांनी फिरते आणि गाडी सावकाश चढते. अशा वेळी पट्ट्याचा पंखा उत्तम काम करतो. त्याच्या जागी लहान विजेचा पंखा बसवला, तर शहरात सुखरूप राहणारी गाडी घाटात उकळू शकते. म्हणून पंखा उभ्या गाडीच्या गरजेवरून न निवडता चढाच्या गरजेवरून निवडावा.

थर्मोस्टॅटचा वाद येथे सविस्तर मांडणे आवश्यक आहे, कारण त्याचा निकाल लागल्याशिवाय विजेचा पंखा नीट चालूच शकत नाही. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची गोळी असते. सुमारे ८२ अंशांना मेण वितळून फुगू लागते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. ‘हा भाग परदेशातल्या थंडीसाठी आहे, आपल्या हवेत नको’ असे सांगून तो काढून फेकण्याची पद्धत अनेक गॅरेजांत पडली आहे. ती चुकीची आहे. उन्हाळ्यात झडप लवकर उघडते, एवढाच हवेचा फरक. पूर्ण उघडल्यावर तिचा अडथळा नगण्य असतो. ती काढली, की इंजिन तापायला वेळ घेते आणि मोकळ्या रस्त्यावर कायम थंड राहते. थंड सिलिंडरच्या भिंतींवर पेट्रोलचे थेंब जमून तेलाचा थर धुऊन टाकतात. ज्वलनातून तेलात शिरलेले पाणी वाफ होऊन निघून जात नाही, तेलाचा चिखल होतो, रिंगा झिजतात. काही इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट बाजूची पळवाटही बंद करतो. तेथे तो काढल्यावर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून पुन्हा इंजिनात जातो, आणि थंडाव्यासाठी केलेल्या उपायाने चढावर इंजिन अधिक तापते. बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट इंजिन उकळवतो, हे खरे. रस्त्यात तो काढून घर गाठणे समजण्यासारखे आहे. त्यानंतर मात्र नवा बसवायचा असतो. जुन्याची परीक्षा तापमापी ठेवलेल्या गरम पाण्याच्या पातेल्यात कोणालाही करता येते.

थर्मोस्टॅटशी पंख्याच्या स्विचचा मेळ घालावा लागतो. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल, तर ९२ अंशांना चालू आणि ८७ अंशांना बंद होणारा स्विच योग्य ठरतो. स्विच ८० अंशांचा घेतला, तर थर्मोस्टॅटने राखलेल्या तापमानापेक्षा तो खाली पडतो आणि पंखा थांबतच नाही. स्विच इंजिनातून पाणी बाहेर पडते तेथे बसवावा. रेडिएटरच्या खालच्या टाकीत बसवल्यास तेथले पाणी थंड झालेले असल्याने आकडा कमी घ्यावा लागतो. पत्र्यांमध्ये खोचण्याची तार असलेले स्वस्त स्विच पाण्याऐवजी हवेचे तापमान पकडतात, ते टाळावेत.

त्यानंतर विजेचा हिशेब. लहान गाडीचा पंखा सुमारे १२ अँपिअर घेतो. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत सर्रास आढळणारा लुकासचा सी-४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. रात्री हेडलाइटला १०, बाकी दिव्यांना २, इग्निशनला ४ आणि पंख्याला १२ धरले, तर बेरीज २८ होते. शिवाय उभ्या गाडीत डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, आणि पंखा लागतो तो नेमका तेव्हाच. अशा गाडीत आधी अल्टरनेटर बसवावा, मग पंखा. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडलेले असते. तेथे पंख्याच्या तारा नेहमीच्या रंगांप्रमाणे जोडल्या, तर तो उलटा फिरतो आणि हवा पुढे फेकतो.

पंखा रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असावा. समोर बसवलेला पंखा धावत्या गाडीच्या वाऱ्याला आड येतो. मागे जागाच नसेल तरच तो घ्यावा. रेडिएटरची सगळी जाळी झाकणारे आवरण पंख्याभोवती हवे. त्याशिवाय हवा फक्त पात्यांसमोरच्या गोलातून ओढली जाते आणि कोपरे कोरडे राहतात. जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा आवळण्याची सोय सर्वांत वाईट, कारण धक्क्यांनी नळ्या घासून फुटतात. पत्र्याची चौकट करून तो रेडिएटरच्या बाजूच्या बोल्टांना टांगावा. जुना पंखा काढला तरी पट्टा काढायचा नसतो. पंप आणि डायनामो त्याच्यावरच आहेत. पंख्याचे बोल्टच पुली धरून ठेवत असतील, तर पंख्याच्या जाडीइतके आखूड बोल्ट किंवा तेवढ्या जाडीचा स्पेसर घालावा, नाहीतर लांब बोल्ट पंपाच्या बॉडीला घासतात.

पंख्याचा प्रवाह स्विचमधून नेऊ नये, रिले वापरावा. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिलेचे ३० क्रमांकाचे टोक, ८७पासून पंखा. ८६ला किल्लीवरची वीज आणि ८५ तापमानाच्या स्विचमार्गे अर्थला. सुरुवातीला मोटर चालू प्रवाहाच्या कित्येक पट ओढते, म्हणून १२ अँपिअरच्या पंख्याला २० ते २५ अँपिअरचा फ्यूज आणि ४ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. अर्थची तारही तितकीच जाड हवी. स्विच बिघडला, की पंखा ‘डायरेक्ट’ करून देण्याचा सल्ला मिळतो. त्याने गाडी वाचल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात मोटर लवकर जळते, बॅटरी झिजते, आणि पट्ट्याचा पंखा काढून मिळवलेली इंधनाची बचत बरीच घटते.

काम झाल्यावर गाडी उभी ठेवून इंजिन चालू करावे. काटा चढला, पंखा लागला, एक-दोन मिनिटांत तापमान उतरले आणि पंखा आपोआप थांबला, तर जुळणी बरोबर आहे. पंखा चालू असताना त्याच्या टोकांवरचा विद्युतदाब बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी नसावा. त्यानंतरच घाटात न्यावे. इंजिन फिरत नसतानाही किल्ली चालू असेल तर हा पंखा अचानक सुरू होतो, म्हणून बॉनेटखाली हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार सोडावी.

प्रत्येक गाडीला हा बदल मानवत नाही. मोठ्या डिझेल गाड्यांत सिलिकॉन तेलाच्या क्लचवरचा पंखा असतो. तो गार असताना जवळपास सुटा फिरतो आणि तापल्यावर पकडतो. तो चांगला असेल, तर बदलू नये. ट्रकच्या पंख्याला कित्येक किलोवॅट लागतात, ते १२ किंवा २४ व्होल्टच्या यंत्रणेवर काढणे परवडत नाही. जुन्या गाडीत बदल केलाच, तर चौकट, तारा आणि स्विच मूळ भागांना भोके न पाडता बसवावेत आणि काढलेला पंखा, बोल्ट व स्पेसर जपून ठेवावेत, म्हणजे पुढच्या मालकाला गाडी मूळ रूपात परत आणता येते.