मृगातला राखाडी उजेड

जानेवारीतल्या अमावास्येच्या सुमारास मी गावी, जुन्नरकडे जातो तो मृगासाठी. रात्री दहाच्या आसपास हे नक्षत्र दक्षिणेकडे चांगलं वर आलेलं असतं. आजूबाजूला ऊस असल्यानं बिबट्याचं भय आहेच, म्हणून दुर्बीण परसात, कुंपणाच्या आतच मांडायची आणि सोबतीला कुणीतरी हवंच. यंदा धाकटी पुतणी होती.

व्याधानं मारलेला तीन ताऱ्यांचा बाण तिला शाळेपासून ठाऊक. त्याच्या खाली तीन मंद ठिपके दिसतात. त्यातल्या मधल्यावर तिनं १०×५०ची द्विनेत्री धरली आणि तो तारा नाही हे तिला लगेच कळलं. भोवती फिकट उजेड पसरलेला होता, तोच मृगातला तेजोमेघ. नवख्यानं आधी द्विनेत्रीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. तीत तेजोमेघ इवलासा दिसतो, पण आसपासच्या ताऱ्यांसकट दिसतो.

मग सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण. ४८ पटीला दोन पंख उघडतात, मध्ये एक काळी खाच शिरलेली दिसते. १२० पटीला गाभ्यातले चार तारे सुटे होतात. १६१७ मध्ये गॅलिलिओनं यांतले तीन टिपले होते. तेजोमेघाची मात्र त्यानं नोंद केली नाही. या चौघांतल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याच्या अतिनील किरणांनीच मुख्यतः हा सारा वायू उजळतो. आम्ही पाहत होतो तो उजेड तिथून सुमारे १,३४० वर्षांपूर्वी निघालेला, बदामीच्या चालुक्यांच्या काळातला.

"काका, गुलाबी कुठंय?" तिनं विचारलं. फोटोतला तो लाल-गुलाबी रंग हायड्रोजनचा, आणि अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्याला लाल जवळजवळ कळतच नाही. मला गाभ्याशी हिरवट छटा जाणवते, ती ऑक्सिजनची. तिला सगळं राखाडीच दिसलं. ती हिरमुसली. पण मला त्या राखाडीचंच वेड आहे. कॅमेऱ्यात गाभा बहुधा पांढराफटक जळून जातो. डोळ्याला मात्र ते चार तारे आणि भोवतीचं धुकं एकाच वेळी दिसतं.

"थेट बघू नकोस, नजर जरा कडेला ने, आणि घाई करू नकोस," मी म्हणालो. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास तरी लागतो. मोबाइल घरात ठेवलेला, वहीसाठी लाल बॅटरी. हळूहळू तिला पंखाची कड लांब जाताना दिसू लागली. खाचेपलीकडचा छोटा तुकडा, एम ४३, तिनं आपणहून शोधला. मग वही मागून घेतली. डॉब्सोनियनमध्ये चित्र उलटं दिसतं, हे तिनं कोपऱ्यात आधी लिहून ठेवलं, आणि मगच पहिला तारा काढला.