मागची बाजू

लहानपणी घरात माझ्याकडे एकच मानाचे काम होते, अक्काला सुया ओवून देण्याचे. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. दुपारची जेवणे आटोपली की ती आमच्या बेळगावच्या घरातल्या खिडकीशी कशिदा घेऊन बसायची, आणि शाळेला सुट्टी असली की मी सात-आठ सुया ओवून जुन्या उशीला टोचून ठेवायचो. तिला सुई ओवता येत नव्हती असे नाही. तिचे डोळे तेव्हा घारीचे होते. पण बाळाच्या हाताला काम दिले की बाळ गप्प बसतो, हे तिने ओळखले होते. १९७८ साली तिचे लग्न झाले, ती हुबळीला कोप्पीकर रोडलगतच्या एका बोळात नांदायला गेली आणि माझे काम सुटले.

कोप्पीकर रोड म्हणजे हुबळीचा भर बाजार. २०१४ साली गावाचे नाव कागदोपत्री हुब्बळ्ळी झाले, आमच्या तोंडी मात्र अजून हुबळीच येते. रस्त्यावर दिवसभर वाहनांची आणि गिऱ्हाइकांची रीघ. अक्काच्या घराची एक खिडकी या रस्त्याच्या बाजूला उघडते. सासरी आल्यावर तिने पहिली कोणती जागा आपलीशी केली असेल, तर ती या खिडकीची. सकाळी नऊ ते अकरा तिथे चांगला उजेड येतो, आणि तोही डाव्या खांद्यावरून. उजव्या हाताने टाका घालणाऱ्याला असाच उजेड लागतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली सुईवर पडते.

अक्काचा कशिदा म्हणजे आपण ज्याला कर्नाटकी कशिदा म्हणतो तो. धारवाडकडे त्याला कसुती म्हणतात. 'कै' म्हणजे हात आणि त्याला जोडून सूत, अशी या शब्दाची फोड सांगितली जाते. टाके चारच. गवंतीत सुई एक टाका घालत, एक सोडत पुढे जाते आणि त्याच वाटेने परत येताना सोडलेल्या जागा भरते. मुरगी याच पद्धतीने, पण पायऱ्यापायऱ्यांनी चढते. नेगी विणीसारखी दिसते. मेंथी म्हणजे मेथी, तो फुलीचा टाका. या चार टाक्यांत गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, मोर, अंबारीचा हत्ती असे सारे उभे राहते. कापडावर आधी काही आखायचे नाही, छाप उठवायचा नाही. कापडाचे उभे-आडवे धागे डोळ्यांनी मोजायचे आणि सुई घालायची. गाठ मारायची नाही. गवंती आणि मुरगी उलट-सुलट दोन्हीकडून सारखीच दिसली पाहिजे. या कशिद्याला २००६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आई आम्हांला सांगायची, "पुढची बाजू गावाला, मागची बाजू आपल्याला." कुणाचेही काम हातात आले की ती आधी उलटे करून बघायची.

आता ज्या कामात सगळी भिस्त मोजण्यावर, त्या कामात डोळा अधू होऊ लागला म्हणजे काय होते?

आपल्या भाषेने या दुखण्याला फार नेमके नाव दिले आहे. वय चाळिशीचे आणि चष्माही चाळिशी. मी मराठीचा एम. ए., पण आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी मला हे नीट समजावून दिले. डोळ्यातले भिंग तरुणपणी लवचिक असते. जवळचे बघताना ते फुगते. वयाबरोबर ते ताठर होत जाते, मग हातातले पुस्तक लांब धरावे लागते आणि शेवटी हात अपुरे पडतात. शिवाय वीस वर्षांच्या माणसाच्या डोळ्यात जेवढा उजेड आत पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीच्या माणसाच्या डोळ्यात पोहोचतो. म्हातारी माणसे "दिवा लाव रे" म्हणून कटकट करतात, ती उगीच नव्हे.

अक्काला १९९९ साली चाळिशी लागली. पाच-सहा वर्षांनी नंबर वाढला, तेव्हा मी तिच्याबरोबर चष्म्याच्या दुकानात गेलो होतो. नव्या काचांतून तिने कार्डावरची सर्वांत बारीक ओळ धडाधड वाचून दाखवली. दुकानदार खूश झाला. अक्का मात्र म्हणाली, "पेपर वाचता येतोय हो, पण टाका दिसत नाही." दुकानदार शहाणा माणूस. त्याने विचारले, "तुम्ही काम करायला कशा बसता ते दाखवा बघू." अक्काने पिशवीतून कापड काढले आणि ती नेहमीसारखी वाकून बसली. त्याने डोळ्यापासून कापडापर्यंत दोरा धरला आणि तो पट्टीवर मोजला. दहा इंच भरला. वाचायचा चष्मा साधारण सोळा इंचांच्या हिशेबाने देतात. सोळा इंचांवरचे बघायला डोळ्याला अडीच नंबराची ताकद लागते, दहा इंचांवरचे बघायला चार नंबराची. त्याने कशिद्यासाठी वेगळा चष्मा करून दिला. बारीक काम करणाऱ्या प्रत्येकाला मी तेव्हापासून सांगत आलो आहे, की नंबर काढायला जाताना आपले काम बरोबर न्या.

पुढे तिने आणखी युक्त्या शोधल्या. काळे कापड मांडीवर घेतले की त्याखाली पांढरा पंचा अंथरायची, म्हणजे धाग्यांमधल्या फटी उजळून दिसतात. गळ्यात अडकवायचे भिंग आणले. दहा-बारा ओळी झाल्या की मान वर करून रस्त्यापलीकडची पाटी वाचायची, डोळ्यांना तेवढाच विसावा.

२०१८ च्या सुमारास मात्र नवल घडले. एके दिवशी तिचा फोन आला, "बाळ, चाळिशी न लावता सुई ओवली बघ आज!" आम्हां सर्वांना कोण आनंद झाला! भावोजींनी पेढे आणले. म्हातारपणी दृष्टी परतली, देवाची कृपा, असे जो तो म्हणू लागला. त्या आनंदाच्या भरातच तिने माझ्या मुलीसाठी चंद्रकळा भरायला घेतली. आपल्याकडे नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळे लुगडे देतात; भाचीचे लग्न ठरायचे होते, पण अक्काला घाई होती. काळ्या कापडावर, काळे धागे मोजून, पदरभर गोपुरे आणि दोन्ही अंगांना अंबारीचे हत्ती. हे काम तिने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी अंगावर घेतले.

ती देवाची कृपा नव्हती. मोतीबिंदू धरू लागला की कधीकधी भिंगाचा गाभा घट्ट होतो, त्यामुळे डोळ्याला लघुदृष्टी येते आणि जवळचे काही काळ चष्म्यावाचून दिसू लागते. विझण्यापूर्वी दिवा मोठा होतो, तसला हा प्रकार. आम्ही पेढे खाल्ले ते मोतीबिंदूचे, हे आम्हांला फार उशिरा कळले. पुढे संध्याकाळी कोप्पीकर रोडवरच्या गाड्यांच्या दिव्यांना पिसारे फुटलेले दिसतात, असे ती म्हणू लागली. तपासून घ्यावे असे ठरत होते, तोवर २०२० चा मार्च आला आणि सगळेच राहून गेले.

माझ्या मुलीचे लग्न डिसेंबर २०२१ मध्ये झाले. जानेवारीत मी चंद्रकळा आणायला हुबळीला गेलो. अक्काने घडी माझ्या मांडीवर ठेवली. मी चाळिशी चढवली आणि आईच्या शिस्तीप्रमाणे पदर आधी उलटा केला.

डावीकडच्या हत्तीची अंबारी जांभळी होती, उजवीकडच्या हत्तीची निळी. मधल्या गोपुरापाशी एक धागा मोजायचा चुकला होता. त्यामुळे दोन्ही बाजूंनी येणाऱ्या ओळी एकमेकींना भेटत नव्हत्या. भेट घडवायला तिने एक आगाऊ टाका घातला होता आणि तिथून कळस किंचित कलला होता. मागे तर एका ठिकाणी चक्क गाठ होती.

"कशी झालीय?" अक्काने विचारले.

"छान झालीय."

"मागं बघितलंस?"

"बघितलं की. आरशासारखी आहे."

तिने पदरावरून हात फिरवला आणि ती हसली. तीन वर्षांहून अधिक काळाचे काम, पासष्टीला आलेली बहीण आणि उद्यावर आलेला सण. कशाला दुखवा, असे मी मनाशी म्हटले. तीस वर्षे मी वह्या तपासत आलो. वेलांटी चुकली तरी लाल शाईने गोल करणारा माणूस मी, आणि त्या दिवशी मला माझे गप्प बसणे मायेचे वाटले.

त्या मायेची किंमत अक्काने भरली. लग्नाची गडबड संपल्यावर भावोजी तिला डोळे दाखवायला चल म्हणाले, तर ती म्हणाली, "बाळानं मागची बाजू बघितलीय. आरशासारखी आहे म्हणाला. डोळ्यांना काय झालंय माझ्या?" मास्तरचा शेरा तिने दाखल्यासारखा वापरला. ऑगस्टमध्ये जिन्याची शेवटची पायरी तिला दिसली नाही. डावे मनगट मोडले. कापड धरणारा हात तो. सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होता.

दिवाळी उलटल्यावर एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. आमच्या आजीच्या वेळी मोतीबिंदू काढला की सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा लागत. आजीने नंतर पुन्हा सुई धरली नाही. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी पहिल्यांदा डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसवले, त्याचे फळ आज आपल्या घराघरांत पोहोचले आहे. पट्टी निघाल्यावर अक्का पहिले वाक्य बोलली ते असे, "भिंतीला रंग कधी दिला?" रंग जुनाच होता. पिकलेले भिंग पिवळसर पडते. निळा, जांभळा, काळा हे रंग त्यातून एकमेकांत मिसळून जातात. ते भिंग गेले आणि तिला जग धुतल्यासारखे दिसू लागले.

मला मात्र धास्ती वाटू लागली. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे मोतीबिंदूचे ऑपरेशन १९२३ साली झाले. त्यानंतर आधी काढलेली काही चित्रे त्याने पुन्हा रंगवायला घेतली आणि काही नष्ट केली, असे मी वाचले होते. अक्काने चंद्रकळा पाहिली तर?

२०२३ च्या संक्रांतीला मुलगी तीच नेसून आत्याला तिळगूळ द्यायला गेली. मीही बरोबर होतो. नमस्काराला वाकलेल्या पोरीचा पदर अक्काने हातात घेतला, नवा चष्मा चढवला आणि ती खिडकीशी बसली. मुलीला पदरासकट तिच्याजवळ बसावे लागले. अक्काने पदर उलटा केला. बराच वेळ रस्त्यावरच्या हॉर्नशिवाय काही ऐकू येत नव्हते.

"ही अंबारी निळी आहे."

"होय."

"तुला दिसलं होतं काय?"

खोटे बोलायला अजून वाव होता. मी म्हटले, "होय अक्का. अंबारी दिसली होती, कळस दिसला होता, गाठसुद्धा."

"मग सांगितलं नाहीस का?"

मी गप्प राहिलो. ती म्हणाली, "पोरांच्या वहीत काना चुकला तर गोल करतोस. माझीच वही तेवढी सोडलीस? मी काय नापास झाले होते काय?"

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. मी खाली मान घालून बसलो. कीव आणि माया यांच्या मधली फट किती बारीक असते, ते मला सत्तावन्नाव्या वर्षी त्या खिडकीशी कळले. सुई ओवून देणाऱ्या पोराने तिला मदत केली होती. चूक झाकणाऱ्या हेडमास्तरने तिला कामातून निवृत्त करून टाकले होते, आणि तेही तिला न विचारता.

मुलीला चंद्रकळा होती तशीच हवी होती. पण अक्काने ऐकले नाही. कळस तिने राहू दिला. तो उसवायचा तर अर्धा पदर उसवावा लागला असता आणि कापड तेवढे सोसणारे नव्हते. गाठ मात्र सोडवली. निळी अंबारी टाका-टाका उसवून जांभळी केली. दर दिवशी दोन तास, त्याहून जास्त नाही, असे करत तिला चार महिने लागले. त्याच वर्षी दुसऱ्या डोळ्याचेही ऑपरेशन झाले.

आता तिने काळे कापड घेणे बंद केले आहे. ते तिला जड गेले, पण निर्णय तिचा होता. फिकट रंगाच्या, जरा जाड विणीच्या कापडावर ती रुमाल आणि उशीचे अभ्रे भरते. महिन्यातून एका रविवारी मी जातो. माझ्याही चाळिशीचा नंबर आता अडीचवर गेला आहे, म्हणून बरोबर भिंग नेतो. ती काम पुढे ठेवते आणि म्हणते, "तपासा, मास्तर." मी आधी उलटे करतो. चुकले असेल तिथे लाल दोऱ्याचा एक सैल धावदोरा घालून ठेवतो. त्याची सुई मीच ओवतो, तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमते.

गेल्या महिन्यात दोन चुका निघाल्या. दोन्ही सांगितल्या. अक्का रागावली, माझ्या हातातले भिंग ओढून घेतले, स्वतः धागे मोजून खात्री केली आणि मग खिडकीकडे सरकून उसवायला बसली.