पावसाचा शब्द

ज्येष्ठ सरत आला की वडसा (देसाईगंज) येथील बाजारपेठेत बोलण्याचा विषय एकच उरतो. वैनगंगेच्या काठचा हा मुलूख धानाचा. मृग कसा गेला, पऱ्हे कधी टाकायचे, रोवणीला पाऊस पुरेल की माजी मालगुजारी तलावांवर भिस्त ठेवावी लागेल, यावर केवळ शेतकऱ्याचे नव्हे, तर धानगिरणीचे, किराणा दुकानाचे आणि उधारीच्या वहीचेही वर्ष ठरते. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचे मंडप किती भरतील, हेदेखील त्यातच आले. चातुर्मासाचे दिवस धर्मध्यानाचे खरे. तरीही त्या चार महिन्यांत दुकानदाराची एक नजर आभाळाकडे असतेच.

त्या आभाळाविषयी शासनाच्या वतीने आकड्यांत बोलण्याचे धाडस ज्यांच्या पुढाकाराने झाले, ते डॉ. वसंत गोवारीकर. निवृत्तीनंतर पुण्यात स्थिरावलेल्या या शास्त्रज्ञाला मागे वळून पाहताना जो प्रवास दिसला असेल, तो अग्निबाणापासून खताच्या पोत्यापर्यंतचा होता.

त्यांचा जन्म 25 मार्च 1933 चा, पुण्याचा. बालपण कोल्हापुरात गेले. शाळकरी वयात त्यांनी मोटारी कशा तयार होतात हे विचारणारे पत्र थेट हेन्री फोर्ड यांना धाडले आणि उत्तरादाखल पुस्तके आली, अशी हकीकत सांगितली जाते. दुकानात वाढलेले मूल वस्तूचा भाव विचारते. या मुलाने ती घडते कशी, हे विचारले. पुढे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे प्रा. गार्नर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. घन आणि द्रव पदार्थांमधील उष्णता व द्रव्य यांच्या वहनाचा तो सिद्धांत गार्नर-गोवारीकर या जोडनावाने ओळखला जातो. नंतर हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्र आणि समरफील्ड येथील अग्निबाणांच्या इंधनाचे काम, असा तेथे उत्तम जम बसला होता.

तो जम मोडून 1967 साली ते परतले, ते डॉ. विक्रम साराभाई यांच्या बोलावण्यावरून. अहमदाबादच्या जैन गिरणीमालक घराण्यातील हा पुत्र माणसे हेरण्यात मोठा पारखी होता. त्या वेळी केरळातील थुंबा येथे दाखविण्यासारखे फारसे काही नव्हते. मच्छीमारांच्या वस्तीतील एका चर्चच्या वास्तूत प्रयोगशाळा, आणि 21 नोव्हेंबर 1963 रोजी तेथून उडालेला पहिला अग्निबाणही परदेशी बनावटीचा. गोवारीकरांकडे आले ते घन इंधनाचे काम. ते परदेशातून विकत आणण्याऐवजी येथेच तयार व्हावे, हा त्यांचा ध्यास. ऑगस्ट 1979 मध्ये एसएलव्ही-3 चे पहिले उड्डाण फसले आणि ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक असताना, 18 जुलै 1980 रोजी दुसरे यशस्वी झाले.

सरकारी शास्त्रज्ञाचे घर म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड. इंग्लंड, मग केरळ, मग दिल्ली. पत्नी सुधाताई आणि तीन मुली यांच्या वाट्याला हा सारा प्रवास आला. सत्कारांच्या बातम्यांत पद छापले जाते, बिऱ्हाड छापले जात नाही.

1986 साली ते केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. हवामान खाते तेव्हा याच विभागाकडे होते. पुढच्याच वर्षी देशात भीषण दुष्काळ पडला. 1987 च्या मोसमी पावसात सुमारे 19 टक्क्यांची तूट आली. अशा प्रसंगी गप्प राहणे कोणत्याही सचिवाला सोयीचे असते. गोवारीकरांनी हवामान खात्यातील डॉ. थपलियाल आदी शास्त्रज्ञांना सोबत घेऊन सोळा घटकांचे प्रतिमान उभे केले आणि 1988 पासून देशाच्या पावसाचा अंदाज त्यावरून दिला जाऊ लागला. हिमालयातील व युरेशियातील बर्फाचे आच्छादन, एल निनो, उंचावरील वारे, डार्विन येथील आणि थेट आर्जेन्टिनातील हवेचा दाब, अशी ही सोळा निरीक्षणे. आर्जेन्टिनाच्या हवेचा वैनगंगेकाठच्या धानाशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु मुंबईच्या भावाने देसाईगंजची पेढी हलते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट समजण्यास कठीण जाऊ नये. यातील अनुकूल घटक किती आणि प्रतिकूल किती, यांचा मेळ मांडून पाऊस सरासरी गाठेल की नाही, हे सांगितले जाई.

1988 साली पाऊस सरासरीपेक्षा सुमारे 19 टक्के अधिक झाला. त्यानंतर 2001 पर्यंत देशव्यापी दुष्काळाचे वर्ष आले नाही, आणि अंदाजही पाऊस समाधानकारक राहील असेच सांगत राहिले. प्रतिमानाचे कौतुक झाले. येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे: सलग चांगल्या वर्षांत चांगले भाकीत खरे ठरणे, ही पुरती कसोटी नव्हे. शिवाय तो अंदाज सबंध देशाचा व सबंध हंगामाचा. रोवणीच्या पंधरवड्यात बांध्यांमध्ये पाणी साचेल का, याचे उत्तर त्यात नव्हते, आणि धान उत्पादकाचा खरा प्रश्न तोच असतो.

कसोटी आली 2002 मध्ये. अंदाज होता 101 टक्क्यांचा. प्रत्यक्षात पाऊस झाला 81 टक्के. रोवणीचा जुलै महिना देशभर जवळजवळ निम्म्या पावसावर गेला. पुढील वर्षी हवामान खात्याने ते प्रतिमान बाजूस सारून नवी प्रतिमाने स्वीकारली. गोवारीकर तेव्हा कोणत्याही खुर्चीवर नव्हते. पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागारपद 1993 साली आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद 1998 साली मागे पडले होते. पण पेढीवरील गादी बदलली तरी दिलेला शब्द देणाऱ्याच्याच नावाने ओळखला जातो, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. प्रतिमानाच्या अपयशाची चर्चा झाली, ती त्यांच्याच नावाने झाली.

अशा वेळी माणसे जुन्या मानपत्रांकडे वळतात. गोवारीकर वळले ते खताकडे. 2009 साली त्यांचा इंग्रजी खतकोश प्रसिद्ध झाला. हजारो नोंदींचा हा ग्रंथ. युरियाचे नत्र साचलेल्या पाण्यात कसे वाया जाते, मातीला काय पचते, अशा विषयांचा तो कोश. कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसणाऱ्यालाही हे प्रश्न परके नाहीत. ज्याने इंधनाचे रसायन आयुष्यभर हाताळले, त्याला खताचे रसायन अवघड नव्हते. नवल आहे ते मुखपृष्ठाचे. सहलेखकांमध्ये सुधा गोवारीकर आहेत आणि कन्या कल्याणी परांजपेही आहेत. थुंब्याच्या आणि दिल्लीच्या वर्षांत ज्यांच्या वाट्याला कामाची फक्त वाट पाहणे आले असेल, त्या आता कामाच्याच वाटेकरी झाल्या होत्या. नोंदी, तपासणी, पुन्हा नोंदी. असा कोश एका उन्हाळ्यात पुरा होत नसतो.

2 जानेवारी 2015 रोजी पुण्यात डॉ. गोवारीकरांचे निधन झाले. त्याआधी, 2014 मध्ये, याच घरातून कीडनाशकांचा कोशही सिद्ध झाला होता. त्यावर पहिले नाव मुलीचे आहे, वडिलांचे त्यानंतर.