हवा बनेपर्यंत

नागपूरहून भंडारा रोडने पारडी ओलांडली की कापसीच्या आसपास रस्त्याचा नूर बदलतो. दोन्ही बाजूंना ट्रान्सपोर्टची गोदामं, टायरवाले, कमानपाटे बदलणाऱ्यांची दुकानं, ग्रीसने काळी झालेली जमीन आणि ओळीने उभे असलेले ट्रेलर. त्यातल्या एखाद्या बिनकठड्याच्या, सपाट, चाळीस फुटी ट्रेलरच्या केबिनमध्ये पहाटे वीस-बावीस वर्षांचा मुलगा इंजिन चालू करून नुसता बसलेला दिसतो. डॅशबोर्डवरचे हवेचे काटे वर चढेपर्यंत त्याला हलता येत नाही. क्लीनर असताना उस्तादाने, म्हणजे जुन्या ड्रायव्हरने, पहिला धडा हाच दिलेला असतो, "बाबू, घाई नको करू. आधी हवा बनू दे."

ट्रेलर चालवायला शिकणं म्हणजे वेग शिकणं, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. या मुलाच्या वाट्याला आधी येतं ते थांबणं. गाडी कशी थांबते, का थांबते, कुठे थांबवावी आणि बिघडून थांबली तर काय करावं, यातच नव्या ड्रायव्हरची पहिली वर्षं जातात.

मोटारीचा ब्रेक तेलावर चालतो, या गाडीचा हवेवर. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो, दाब आठ बारच्या आसपास गेला की गाडी तयार. मागच्या चाकांपाशी एक दणकट स्प्रिंग असते, आणि तिला दाबून धरण्याचं काम हवेचं. हवा निघून गेली की स्प्रिंग मोकळी होते आणि ब्रेक आपोआप आवळले जातात. दाब गेला तर गाडी धावत सुटण्याऐवजी जागीच उभी राहिली पाहिजे, हा विचार जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी 1872 मध्येच रेल्वेच्या ब्रेकसाठी मांडला होता. आज याच रस्त्यावरच्या देवरीच्या जंगलात रात्री अडकलेल्या पोराचा जीव त्याच विचारावर तगून असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

जीव वाचतो, पण गाडी जाम होते. घोडा, म्हणजे इंजिन आणि केबिन असलेला पुढचा भाग, आणि मागची ट्रॉली यांच्यामध्ये लोंबणाऱ्या रबरी नळ्या वळणावळणाला घासतात. एके ठिकाणी बारीक चीर पडते, बझर वाजू लागतो, काटा उतरतो आणि भरलेला ट्रेलर रस्त्याच्या कडेलाही न जाता मधल्या लेनमध्येच खिळून बसतो. अशा वेळी शिकलेलं सगळं आठवावं लागतं. मागे अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवायचा, क्लीनरला टॉर्च देऊन उभं करायचं, साबणाचं पाणी नळीवर ओतायचं आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहायचं. पावसाळ्यात आणखी एक दुखणं असतं. दाबलेल्या हवेतला ओलावा टाकीच्या तळाशी साचतो. तो रोज व्हॉल्व्ह उघडून काढला नाही तर पाणी ब्रेकच्या वाहिन्यांत शिरतं. दोन मिनिटांचं हे काम टाळणारा ड्रायव्हर मुरलेला असला तरी मला नवखाच वाटतो.

नागपुरात राष्ट्रीय महामार्ग 44 आणि 53 एकमेकांना छेदतात. एक श्रीनगरहून कन्याकुमारीला जातो, दुसरा हजिऱ्याहून पारादीपला. त्यामुळे या शहरातल्या नव्या ड्रायव्हरला चारही दिशांची भाडी मिळतात. पण सपाट ट्रेलरवाल्याची पहिली मोठी फेरी बहुधा पूर्वेला असते, कारण लोखंड तिकडे आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आज रूळ, प्लेटा आणि चॅनेल तिकडून निघतात. रायपूरच्या रोलिंग मिलमधून सळया येतात. वाटेत भंडाऱ्यापुढे गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना लागतो. तिथे 1982 पासून गिअरबॉक्स बनतात. ज्या पेटीशी हा मुलगा दिवसभर झुंजतो, ती घडवणारे हात या रस्त्याच्या कडेलाच राहतात.

सळई बारा मीटरची असते, म्हणजे चाळीस फुटांना थोडी कमी. ट्रेलरची लांबी आणि सळईची लांबी अशी एकमेकींना जुळते. पूर्वी मात्र लहान ट्रकवरूनही सळया जायच्या आणि मागे बाहेर आलेल्या असायच्या. गाडीच्या शरीराबाहेर एक मीटरपर्यंत माल काढायला नियमच परवानगी देत होता. अंधारात त्या सळयांवर आदळून माणसं मेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2014 मध्ये ती सवलत काढून टाकण्यात आली. तरीही लाल फडकं बांधून सळया लटकवत नेणारी वाहनं आजही दिसतात. एवढी माणसं गेल्यावर बदललेला नियम असा वाऱ्यावर सोडणं अक्षम्य आहे.

सपाट ट्रेलरला कठडा नसतो, त्यामुळे माल जागेवर ठेवण्याची सगळी जबाबदारी साखळ्या, पुलर आणि लाकडी गुटक्यांवर येते. कळमेश्वरच्या कारखान्यातून निघालेली रंगीत पत्र्याची कॉइल घ्या. कित्येक टनांचं ते गोल ओझं लाकडाच्या खाचेत बसवलेलं असतं. ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला की गाडी थांबते, कॉइल मात्र आहे त्या वेगाने पुढे जाऊ पाहते आणि तिच्या पुढे केबिन असते. म्हणून युरोपात साखळ्यांचा हिशेब करताना मालाच्या वजनाच्या 80 टक्के जोर पुढच्या दिशेला येईल असं धरतात. अमेरिकेत पहिल्या 50 मैलांच्या आत गाडी थांबवून बांधणी पुन्हा तपासणं बंधनकारक आहे. आपल्याकडे हा नियम कागदावरून येत नाही, उस्तादाच्या तोंडून येतो. भिलाईहून येताना राजनांदगाव सुटलं की पहिल्या ढाब्यावर चहाआधी साखळ्या. हादऱ्यांनी माल बसलेला असतो, सकाळी कडक असलेली साखळी आता हाताने हलते. पुलरचा दांडा पुन्हा ओढायचा, गुटका पायाने ठोकून पाहायचा. नव्या पोराला हे एकदा दाखवावं लागतं. सैल साखळी एकदा हाताला लागली की पुढे तो चहा विसरतो, पण साखळी विसरत नाही.

वळणाचंही तसंच. घोडा वळून सरळ झाला तरी मागची चाकं आतल्या बाजूने कोपरा कापत येत असतात. शहरातल्या चौकात तिथेच एखादा दुचाकीवाला येऊन उभा राहतो, आणि केबिनमधून तो दिसत नाही. रिव्हर्स घेताना स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे जाते. हे डोक्याला कळायला एक मिनिट लागतं, हातांना कळायला महिने. मालक दर फेरीचा हिशेब करतो, शिकण्याचे महिने मात्र कुणीच हिशेबात धरत नाही.

कायद्याची पायरी तशी स्पष्ट आहे. हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर हातात हवा, वय वीस पूर्ण हवं. आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये काढून टाकली. ती अट जाणं मला योग्य वाटतं, कारण रस्त्यावरचं शहाणपण शाळेच्या दाखल्यावर तोलता येत नाही. मात्र तिच्या जागी प्रत्यक्ष ट्रेलरवरचं पुरेसं शिक्षण यायला हवं होतं. आजही बहुतेक पोरं क्लीनर म्हणून चढतात, उस्तादाचं जेवण बनवतात, काचा पुसतात आणि रिकाम्या परतीच्या गाडीवर, रस्ता मोकळा असताना, स्टेअरिंग धरायला मिळण्याची वाट पाहतात.

उन्हाळा आला की टायरचा काळ सुरू होतो. 23 मे 2013 रोजी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दिवसांत सिमेंटचा रस्ता तापतो, पण टायर फुटण्याचं मूळ अनेकदा आत असतं. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, पुन्हा उठते आणि आतून तापत जाते. मागच्या जोडटायरांतला आतला टायर बसला तर बाहेरचा एकटा दोघांचं ओझं वाहतो, आणि केबिनमध्ये बसलेल्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून जुने ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर लोखंडी रॉडने टायर ठोकत गाडीभोवती एक फेरी मारतात. भरलेला टायर टणकपणे वाजतो, बसलेला बद्द वाजतो, देवळातली तडा गेलेली घंटा ओळखावी तसा. त्याच फेरीत ते हबला हात लावून पाहतात. एकच हब चटका देत असेल तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाही किंवा बेअरिंग संपत आलं आहे.

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर टायरच्या या प्रश्नाला नवं रूप आलं. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता. खड्डे नाहीत, गावं नाहीत, चौक नाहीत. म्हणजे एरवी ज्या अडथळ्यांमुळे टायर निवायचा आणि ड्रायव्हर जागा राहायचा, ते सगळेच गेले. नागपूरच्या व्हीएनआयटीने या रस्त्यावरच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा रस्त्याच्या एकसुरीपणाने येणारी गुंगी हे एक ठळक कारण म्हणून समोर आलं. नव्या ड्रायव्हरला या रस्त्यावर थांबण्याचं कारण स्वतःच शोधावं लागतं.

आणि मग युरिया. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं. मोठ्या डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचं 32.5 टक्क्यांचं द्रावण लागू लागलं. वेगळी टाकी, वेगळा पंप, वेगळे सेन्सर. टाकी रिकामी झाली किंवा द्रावण भेसळीचं निघालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि तो दुर्लक्षिला तर काही वेळाने इंजिनची ताकद मुद्दाम कमी केली जाते. घाटात, भरलेल्या गाडीत, पाय पूर्ण दाबूनही गाडी रेंगाळते. इथे उस्तादाचं ज्ञान संपतं. कमानपाटा तुटल्याचा आवाज तो डोळे मिटून ओळखेल, यू-बोल्ट ढिला झालाय हे गाडीच्या चालीवरून सांगेल. सेन्सरला आवाज नसतो. लॅपटॉप घेऊन येणाऱ्या मिस्त्रीची वाट पाहावी लागते, आणि तो येतो शहरातून. या नव्या गाड्यांवर निदान मोबाइल सहज वापरणारी तरुण पोरं उस्तादाला काही शिकवू लागली आहेत. कोणता कोड कशाचा, कोणता दिवा थांबायला सांगतो आणि कोणता नागपूरपर्यंत जाऊ देतो, हे आता क्लीनर सांगतो आणि उस्ताद ऐकतो. मला या बदलाचं मनापासून अप्रूप वाटतं.

वाटेत अडकलेल्या गाडीबरोबर कागदही अडकतो. मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. गाडी मिस्त्रीच्या प्रतीक्षेत उभी राहिली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधी किंवा आठ तासांनंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. हाताला ग्रीस, एका कानाला मालकाचा फोन, दुसऱ्या बाजूला माल घेणाऱ्याचा, आणि पोर्टलवर मुदत वाढवण्याचं काम ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातल्या कुणाकडे तरी. तो तिथे असेल तर ठीक.

झोपेचं काय? 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विसावा ठरवून दिला होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. ज्याच्याकडे एकदोन गाड्या आहेत अशा मालकाचा ड्रायव्हर त्या रेषेबाहेरच राहिला, आणि आपल्याकडे ट्रकमालक बहुसंख्येने असेच छोटे आहेत. केबिनमधल्या उकाड्याची दखल घ्यायलाही खूप उशीर झाला. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. विदर्भात मे महिन्यात ज्यांनी ट्रक चालवला, त्या पिढ्या इंजिनाशेजारी भाजत निघून गेल्या. जुन्या गाड्या अजून अनेक वर्षं धावतील, आणि नव्या पोराच्या हाती सहसा जुनीच गाडी येते.

जानेवारी 2024 मध्ये भारतीय न्याय संहितेतल्या अपघातानंतर पळून जाण्याबद्दलच्या कडक कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा नागपूरच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्या दोन दिवसांत शहराला ड्रायव्हर आठवला. एरवी वर्धा रोडवरच्या 3.14 किलोमीटरच्या दुमजली पुलाखालून जाताना कुणाच्या मनात येत नाही, की इतकं लोखंड कुणीतरी ट्रेलरवर बांधून, साखळ्या तपासत, इथवर आणलं.

बिघडलेल्या गाडीचा दिवस धंद्याच्या भाषेत खोटी होतो. माल उतरवायला उशीर झाला तर मालकाला हॉल्टिंगचे पैसे मागता येतात. गाडी बिघडून उभी राहिली तर त्याचंच नुकसान. दोन्ही वेळी गाडीखाली झोपून रात्र काढणारा एकच असतो. त्याला फेरीवर पैसे मिळत असतील तर त्या रात्रीची किंमत शून्य. भाडं ठरतानाच उभ्या दिवसाचा भत्ता ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांच्या नावाने बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहायला लावणं फार अवघड नाही. कापसी आणि वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांमध्ये त्यासाठी आणखी एक रकाना छापावा लागेल.