मैल, तास आणि उंबरठा

पालघर, बोईसर, तारापूरच्या ज्या घरांतील मुलगा विलायतेत आहे, तेथील आई अंतर विचारीत नाही. ती विचारते, “मी अंथरुणाला खिळले, तर किती वेळात येशील?”

८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे निघाले, ते १० जूनला लंडनला पोहोचले. आज ते सुमारे ७,२०० किलोमीटर विमान साडेनऊ-दहा तासांत तोडते. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून तासभर कमीच.

पण पुढे अंधेरीहून वैतरणेचे पूल ओलांडून बोईसर गाठावयाचे! ऐंशीएक किलोमीटरांना गाडीचे दोन तास. मध्यरात्री उतरलेल्यास पहाटेची वाट पाहणे आलेच. मुलाने आईला उंबरठ्यापर्यंतचे तास सांगावेत. ती तेच मोजीत असते.