रोज एक गाणं आणि बाईंचं सोडियम

तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असा एखादा ग्रुप असेलच. सकाळी कोणीतरी विषय देतं, ‘आज रेल्वे’, ‘आज चंद्र’, ‘आज फक्त शमशाद बेगम’, आणि प्रत्येकाने दिवसभरात एकच गाणं टाकायचं. एकच, ही अट महत्त्वाची. हौशी मंडळी घरातल्या जुन्या रेकॉर्डच्या कव्हरचा फोटोही टाकतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर हे घरोघरी चाललं होतं. माझे बरेच पेशंट अशा ग्रुपमध्ये आहेत आणि “डॉक्टर, दिवसभर मोबाइल घेऊन बसते हो ही” अशी तक्रार त्यांच्या घरचे माझ्याकडे करतात. आजचा लेख त्या घरच्यांसाठी.

या खेळाचं मूळ कॅसेटमध्ये आहे. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली, आपल्याकडे ती घरोघरी पोचली ऐंशीच्या दशकात. माझ्या वयाच्या वाचकांना आठवेल, गाण्यांची यादी करून दुकानात द्यायची आणि कोरी कॅसेट भरून घ्यायची. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं, नऊ-दहा गाणी. त्यामुळे निवड करावीच लागायची. शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून मिनिटांचा हिशोब, आतल्या कार्डावर बारीक अक्षरात नावं, आणि ती कॅसेट बहुतेक वेळा दुसऱ्या कोणासाठी तरी. (कोणासाठी, ते तुमचं तुम्हाला माहीत.)

आता डोक्यात काय होतं ते पाहू. नुसतं रेडिओ लावून ऐकणं आणि ‘रेल्वे’ या विषयावर गाणं शोधणं यात फरक आहे. शोधताना आठवणी चाळाव्या लागतात, चार नाकारून एक ठेवावं लागतं, आणि समोरच्यांना काय आवडेल याचा विचार करावा लागतो. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी उतारवयात जास्त ठळक राहतात, आणि गाणी त्या आठवणींना घट्ट चिकटलेली असतात. म्हणून पासष्टीचा माणूस काल काय जेवला ते विसरेल, पण कॉलेजात असताना कोणतं गाणं कुठे ऐकलं ते सांगेल. अशा खेळाने स्मृतिभ्रंश टळेल अशी हमी मी देणार नाही. कोणी देत असेल तर त्याच्यापासून जरा लांब राहा. मला या ग्रुपचा दुसराच फायदा दिसला, तो सांगतो.

एक निवृत्त शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय सत्तरच्या पुढे, एकट्या राहणाऱ्या, मुलगा परदेशात. जुन्या सहकारी शिक्षिकांच्या अशाच ग्रुपमध्ये बाई रोज सकाळी सातच्या आत गाणं टाकायच्या, खाली संगीतकाराचं नाव आणि सालही. एक दिवस विषय होता पाऊस आणि बाईंनी अंगाईगीत टाकलं. सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी विषय वेगळा, गाणं पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, तेही पहाटे तीन वाजता, खाली ना संगीतकार ना साल. एका मैत्रिणीला हे खटकलं. ती थेट घरी गेली आणि बाईंना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आली. मुलगा फोनवर म्हणाला, “वय झालंय, विसरायला लागली असेल.” परदेशातून त्याला एवढंच दिसणार, त्याचा दोष नाही.

बाई सुस्त होत्या, तोल जात होता, वार सांगता येत नव्हता. दोन-तीन आठवड्यांपूर्वी दुसरीकडे त्यांच्या बीपीच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी घातली गेली होती. रक्त तपासलं तर सोडियम ११८. हे १३५ ते १४५ असायला हवं. त्यांना लगेच अ‍ॅडमिट केलं. सोडियम हळूहळूच वाढवावं लागतं, घाई केली तर मेंदूला इजा होते. आठवड्याभरात बाई पूर्वीसारख्या बोलू लागल्या.

थायाझाइड गटातल्या या गोळ्या चांगल्या आहेत, लाखो लोक घेतात. पण वयस्कर माणसांत, विशेषतः बारीक चणीच्या स्त्रियांत, त्यांनी कधी कधी सोडियम घसरतं, बहुधा सुरुवातीच्या काही आठवड्यांत. मळमळ, डोकेदुखी, सुस्ती, झोक जाणं, बोलण्यात घोळ ही लक्षणं. पुढे फिट येऊ शकते. मात्र हे वाचून गोळी परस्पर बंद करू नका आणि वाटीभर मीठही खाऊ नका. रक्त तपासा, डॉक्टरांना भेटा.

लक्षात घ्या, स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. जो गोंधळ दोन-चार दिवसांत आला, त्यामागे सोडियम, साखर, लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन, पक्षाघात, डोक्याला मार असं काहीतरी असतं आणि त्याला त्याच दिवशी दवाखाना लागतो. दुसरी खूण मंदपणे येते. रोज गाणं टाकणारा माणूस गप्प होतो, विचारलं तर “काही ऐकावंसंच वाटत नाही” म्हणतो. आवडीच्या गोष्टीतलं मन उडणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला हसरे इमोजी पाठवण्यापेक्षा फोन करा.

एकट्या राहणाऱ्यांची अशी रोजची हजेरी दुसरं कोण घेतं? पेपरवाला, दूधवाला, तेही आता खालीच पिशवी ठेवून जातात.

राहिला कानांचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल मात्र फक्त चार तास. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवा. इअरफोन लावूनही शेजारच्याला गाणं ऐकू येत असेल तर आवाज जास्त आहे. आणि सारखा वाढवावाच लागत असेल तर फोन बदलू नका, कान तपासून घ्या. अनेकदा नुसता मळ निघतो.