तार पुसायचं यंत्र

तर झालं असं, की मागच्या शनिवार-रविवारी पेडगावला घरी गेलो होतो. आमच्या परभणीकडची काळी माती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात नुसती धूळ! ती अंगणातल्या कपड्यांच्या तारेवर बसते आणि ओला कपडा टाकला की काळी रेघ उमटलीच. तारेवरचा जस्ताचा थर गेला असेल तर गंजाचे डागही पडतात, आणि ते साबणाने निघत नाहीत.

आई पूर्वी ओलं फडकं मुठीत धरून तार पुसायची. या वेळी बाबांच्या पांढऱ्या शर्टावर रेघ दिसली. विचारलं तर म्हणाली, "हात वर जात नाही आता. कपडेही काठीनेच सारते." फोनवर कधी बोलली नाही.

झालं, आमच्यातला इंजिनिअर जागा झाला! वीतभर पीव्हीसी पाइप उभा चिरला, आत जुना टॉवेल ओला करून कोंबला, दोन्ही टोकांना सुतळी बांधली. पाइप तारेवर चढवायचा आणि खालूनच इकडून तिकडे ओढायचा. तार चकाचक!

आईने एक फेरी मारली. म्हणाली, "छान आहे लेकरा. पण कपडे तरी वरच टाकायचेत न? तारच खाली बांध की."

संध्याकाळी तार हातभर खाली बांधली. यंत्र तिने खुंटीला जपून ठेवलंय. आणि आता फोनवर मी खांद्याचं आधी विचारतो.